'तोंड आलंय' एवढं म्हणून भागतं का?

निळीशाई: परवा इथे रानवाट यांनी लिहिलं, "तोंड आलंय म्हटलं की कळतं सगळ्यांना. ल्युकोप्लाकिया, स्टोमॅटायटिस ही नावं फक्त घाबरवायला." वाचून डोकं फिरलं. जिभेच्या कडेला फोड आला तरी तोंड आलं, बाळाच्या जिभेवर बुरशीचा पांढरा थर चढला तरी तोंड आलं. माझे काका तंबाखू खायचे. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. घरचे सगळे 'उष्णता आहे' म्हणत बी-कॉम्प्लेक्स देत राहिले. बुरशीचा थर बोटाने पुसला की सहसा निघतो, हा निघत नव्हता. अशा चट्ट्यालाच ल्युकोप्लाकिया म्हणतात, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. काकांचा झाला. अर्धा जबडा काढावा लागला.

रानवाट: काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण कॅन्सर तंबाखूने झाला, नाव माहीत नसल्याने नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, 'रिकरंट ॲफ्थस स्टोमॅटायटिस' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आई रात्रभर रडली. आठवड्याभरात फोड आपोआप बरे झाले. 'वारंवार तोंड येतं, घाबरू नका' म्हणायला काय जात होतं?

चांदणचुरा: नावांचं काय घेऊन बसलात? वरची दाढ काढली की नजर अधू होते, त्यावर बोला. माझ्या आत्याला दाढ काढली आणि वर्षभरात चष्मा लागला.

पाटीपेन्सिल: मी दंतवैद्य आहे, हे रोज ऐकते. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक असतात: दातांची नस पाचवी, नजरेची दुसरी. दोन्ही मेंदूतून वेगवेगळ्या निघतात. दाढा काढायची वेळ येते त्याच वयात चाळिशीही लागते, म्हणून आळ दाढेवर.

चांदणचुरा: मग ठणका डोळ्यापर्यंत कसा जायचा? आत्याचं दुखणं आम्ही पाहिलंय, तुम्ही नाही.

पाटीपेन्सिल: वरच्या दाढा आणि डोळ्याखालचा गाल एकाच नसेच्या शाखेवर आहेत, म्हणून. कळ पसरते, नजर जात नाही. आणि याच भीतीने लोक पू झालेली दाढ तशीच ठेवतात. मग गाल डोळ्यापर्यंत सुजतो, तोंड बोटभरही उघडत नाही, ताप चढतो, तेव्हा येतात. राग येतो हो!

चांदणचुरा: ठणक्याचं पटलं. चष्म्याचं नाही.

रानवाट: दाढेसाठी वेगळा धागा काढा ना! निळीशाई, माझ्या मुद्द्याचं काय?

निळीशाई: नाव तोंडावर फेकून निघून जाऊ नये, हे मान्य. पण नाव लपवूही नये. दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा चट्टा दाखवायलाच हवा, दुखत नसला तरी. काकांचा दुखत नव्हता, म्हणून तर सगळे निर्धास्त राहिले.

रानवाट: दोन आठवड्यांचं लक्षात ठेवीन. पण आईसमोर ते लांबलचक नाव पुन्हा कुणाला काढू देणार नाही.