पाइनखालची अळंबी आपल्याकडे उगवेल का?

प्रश्न (नांदेड)

नमस्कार. मागील ऑगस्टमध्ये राणीखेत परिसरातील पाइनच्या जंगलात सुयांसारख्या पानांच्या थरातून वर आलेल्या निरनिराळ्या अळंब्या पाहिल्या. काहींची टोपी नारिंगी होती व मोडल्यावर त्याच रंगाचा चीक निघत होता, तर काहींच्या टोपीखाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रे होती. शेजारच्या उघड्या गवतात मात्र यांपैकी एकही नव्हती. ही अळंबी पाइनलाच धरून का असते, आणि तिचे बीजाणू आणून किनवटकडील सागाच्या जंगलात टाकले तर ती तेथे उगवेल का? तसेच खाण्याजोगी अळंबी कशी ओळखावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक)

ताई, अळंबी हे केवळ फळ आहे. खरी बुरशी जमिनीत बारीक तंतूंच्या रूपाने पसरलेली असते. हे तंतू पाइनच्या कोवळ्या मुळांच्या टोकांभोवती वेष्टण करतात व पेशींच्या मधल्या जागेत शिरतात, आणि मग झाड पानांत तयार झालेली साखर बुरशीला देते, तर बुरशी मुळांना न पोहोचता येणाऱ्या फटींतून फॉस्फरस, नत्र व पाणी झाडापर्यंत आणते. या सहजीवनाला मायकोरायझा म्हणतात. पाइन मुळात नसलेल्या ऑस्ट्रेलियासारख्या प्रदेशांत नेलेली रोपे सुरुवातीला पिवळी पडून खुरटत असत, आणि जुन्या पाइनखालची माती मिसळल्यानंतरच ती जोमाने वाढू लागली.

टोपीखाली छिद्रे असलेली तुमची अळंबी बहुधा सुइलस प्रजातीतील आणि नारिंगी चिकाची लॅक्टॅरियस प्रजातीतील असावी. केवळ वर्णनावरून जात सांगणे मला योग्य वाटत नाही. सागाखाली बीजाणू टाकण्याचा उपयोग नाही, कारण सागाच्या मुळांवर राहणारी बुरशी वेगळ्याच गटातील आहे आणि तिला छत्री येतच नाही. द्वीपकल्पीय भारतात पाइन नैसर्गिकरीत्या वाढत नाही. कोडाईकॅनालला दिसणारा पाइन लावलेला आहे.

उत्तर २ (किनवट)

सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. आमच्या भागात पावसाळ्यात वारुळांजवळ जी अळंबी येते, तिचा जोडीदार झाड नसून वाळवी असते. वाळवी चावलेल्या पालापाचोळ्याचे पोळे करून त्यावर ही बुरशी पोसते, म्हणूनच अळंबीचा देठ मुळासारखा खोल त्या पोळ्यापर्यंत गेलेला असतो. तीही शेतात लावता येत नाही. ज्यांना लागवडच करायची आहे, त्यांनी धिंगरी (ऑयस्टर) अळंबी घ्यावी. ती मेलेल्या काडीकचऱ्यावर जगते, त्यामुळे सोयाबीनचे भुसकटही तिला चालते. फक्त आपला एप्रिल-मे तिला सोसत नाही.

उत्तर ३ (लातूर, डॉक्टर)

ओळखण्याच्या प्रश्नाला मी स्पष्ट उत्तर देतो: पुस्तकातील चित्र पाहून किंवा घरगुती कसोटी लावून जंगली अळंबी खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, कीड लागलेली अळंबी सुरक्षित मानणे, या सर्व कसोट्या निरर्थक आहेत. विषारी अळंबीही गोगलगायी खातात, आणि गोगलगाय काय काय पचवते हे आपल्याकडील सोयाबीन उत्पादकांना वेगळे सांगायला नको.

झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या अमॅनिटा प्रजातीतील डेथ कॅपसारख्या काही जातींत अमॅटॉक्सिन नावाचे विष असते, आणि ते शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, नंतर रुग्णाला बरे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून जंगली अळंबी खाल्ल्यानंतर त्रास उशिरा सुरू झाला तर तो अधिक गंभीर समजावा, आणि उलट्या थांबल्या तरी रुग्णाला घरी न ठेवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. अळंबीचा उरलेला तुकडा, शिजवलेला असला तरी, कागदी पिशवीत घालून सोबत न्यावा.