खगोलाच्या भेंड्या खेळताना ठ आला की काय करायचं?

दुर्बीणवाली_मावशी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा येडचाप आहे पण घरात यावरून दोन दिवस भांडण चाललंय म्हणून इथे टाकतेय. नोव्हेंबरच्या अमावस्येला आमच्या सोसायटीतले आठ-दहा जण पोरांना घेऊन वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो आणि नेमकं रात्री नऊ वाजता असं काही भरून आलं की गुरूसुद्धा दिसेना, मग सतरंजीवर बसून करणार काय, पोरांनी भेंड्या सुरू केल्या. गाण्याच्या नाही, फक्त आकाशातली नावं. ग्रह, तारे, नक्षत्रं, उपग्रह, खगोलशास्त्रातले शब्द सगळं चालेल, शेवटच्या अक्षरावरून पुढचं. ण आला तर न घ्यायचा आणि ळ आला तर ल, हे आपलं नेहमीचंच.

मस्त रंगलं हो. मृग, गुरू, रोहिणी, नेपच्यून, नरतुरंग, गरुड, डेनेब, बुध... आणि समोरच्या पार्टीतल्या एका सहावीतल्या कार्टीने शांतपणे सांगितलं, धनिष्ठा. ठ! झालं, गाडी ठप्प. आमच्यावर भेंडी चढली. पुढच्या डावात परत तेच, ज्येष्ठा. मग शर्मिष्ठा. पोरांना युक्ती कळली आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी ठ आणून ठेवायला लागलं. ठ वरून आकाशात काही आहे का हो? नसेल तर नियम काय करावा? आमचे हे म्हणतात ठ चा थ धरा, मला ते पटत नाही.

चहा_बिस्किट

ठ वरून ठाणे. आकाश दिसत नाही पण लांबून प्रकाश दिसतो 😀

सिरियसली सांगायचं तर थ धरून पण फार काही हाती लागत नाही, गुरूचा थीबी नावाचा एक छोटा उपग्रह आहे तेवढा आठवतोय, तो एकदा वापरला की परत बोंब.

कोल्हापुरी_धूमकेतू

नियम कशाला बदलताय मावशी, हीच तर गेमची मजा आहे. आम्ही हॉस्टेलवर टेरेसवर हे खूप खेळलोय. ठ ला नेणारे चारच दरवाजे आहेत बघा, ध वरून धनिष्ठा, ज वरून ज्येष्ठा, श वरून शर्मिष्ठा आणि व वरून वसिष्ठ. म्हणजे समोरच्याला ही चार अक्षरं द्यायचीच नाहीत. बुध, व्याध आणि अनुराधा ही नावं जीभ भाजली तरी तोंडातून काढायची नाहीत, ध्रुव आणि पृथ्वी पण नाही, कारण दोघांचा शेवट व आहे आणि समोरचा वसिष्ठ घेऊन टपलेलाच असतो. तुमच्या डावात चूक बुध म्हणणाऱ्याची आहे, ब वरून ब्रह्महृदय म्हटलं असतं तर य गेला असता, त्यावर ययाती, यमुना, युती, युरोपा, पडेल ते.

दुसरी आयडिया म्हणजे जिथून सुरू तिथेच संपणारे शब्द साठवून ठेवायचे. क आला की कृत्तिका म्हणायचं, समोरच्याला परत क. नेपच्यून पण तसाच. समोरचा वैतागतो.

रिटायर्ड_मास्तर

छान विषय काढलात ताई. हे सगळे ठ योगायोगाने आलेले नाहीत. संस्कृतात 'सर्वांत जास्त' म्हणायचं असलं की इष्ठ लागतं, श्रेष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ तसंच. ज्येष्ठा म्हणजे सगळ्यांत थोरली, धनिष्ठा म्हणजे सगळ्यांत धनवान, आणि गंमत म्हणजे धनिष्ठेचं जुनं नाव श्रविष्ठा, तिथेही ठ सुटलेला नाही. वसिष्ठ त्यातलाच. उलट ठ ने सुरू होणारे शब्द संस्कृतात औषधालासुद्धा मिळायचे नाहीत आणि आपली आकाशातली जुनी नावं जवळजवळ सगळी संस्कृत. त्यामुळे ठ कडे जायला वाट आहे, यायला नाही.

आमच्या शाळेच्या आकाशदर्शनाला मी एक नियम केला होता तो सांगतो. ठ आला तर समोरच्याने शब्द द्यायचा नाही, उलट ज्याने ठ आणला त्याने उठून तो तारा किंवा ते नक्षत्र आकाशात बोटाने दाखवायचं. दाखवलं तर समोरच्यावर भेंडी, नाही दाखवता आलं तर ह्याच्यावरच. मग बघा कसे हुशार होतात. नोव्हेंबरच्या रात्री नऊला शर्मिष्ठा उत्तरेला वर सापडेल, तो एम आकार पोरांना पण ओळखता येतो, धनिष्ठेचा छोटा पतंग पश्चिमेला उतरत असतो, पण ज्येष्ठा सूर्याच्या आसपास असते त्यामुळे दिसायचा प्रश्नच नाही, आणि वसिष्ठ-अरुंधती बघायला सप्तर्षी उगवेपर्यंत म्हणजे पार उत्तररात्रीपर्यंत जागावं लागेल. मे महिन्यात खेळलात तर हिशोब उलटा, तेव्हा वसिष्ठ डोक्यावर आणि शर्मिष्ठा गायब. म्हणजे कुठला ठ फुकट आणि कुठला महाग हे महिन्यावर ठरतं.

(शर्मिष्ठा दाखवलीच तर शेजारची देवयानी, ययाती आणि सासरेबुवा वृषपर्वा पण दाखवा, एवढं मोठं घरगुती प्रकरण एकाच कोपऱ्यात आहे.)

चहा_बिस्किट

मास्तर, वृषपर्वा शर्मिष्ठेचा बाप ना, म्हणजे ययातीचा सासरा एका बाजूनेच 😛 नियम मात्र भारी आहे.

दुर्बीणवाली_मावशी

मास्तर काय सुंदर सांगितलंत, बोट दाखवायचा नियम पास! पुढच्या अमावस्येला करून बघते. पण ढगाळ रात्री बोट कुठे दाखवायचं ते राहिलंच. आणि अजून एक भांडण, पूर्वाषाढा म्हटल्यावर ढ आला तर लेक म्हणते 'ढगाळ' चालणार, कारण त्या रात्री आकाशात तेच होतं.

कोल्हापुरी_धूमकेतू

ढगाळ बाद. पण तिला सांगा स आला की 'संतमस' म्हण. २०१९ मध्ये भारताकडून एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नावं दिली गेली, ताऱ्याचं बिभा, शास्त्रज्ञ बिभा चौधरींवरून, आणि ग्रहाचं संतमस. संस्कृतात अर्थ ढगाळ असाच काहीतरी. वर परत स वरच संपतो.