खोल, सखोल आणि खोलगट

'खोल' वापरायला सोपा शब्द. खोल विहीर, खोल विहिरी, खोल दरीत, खोल खड्ड्याला. लिंग, वचन, विभक्ती काहीही येवो, तो जागचा हलत नाही. उलट अर्थाचा 'उथळ'ही तसाच. व्याकरण एवढंच, खरी गंमत वापरात आहे.

खोल म्हणायचं ते काठावरून खाली बघताना. नाशकात गोदावरीला पूर आला की 'पाणी किती खोल' असं कोणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, ते विचारतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पुराचं पाणी 'चढतं'. एप्रिल-मेमध्ये निफाडकडच्या विहिरीत तेच पाणी 'खोल जातं'. जुनी माणसं विहीर परसात सांगायची. परस म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाएवढी खोली. बोअर आले आणि सगळा हिशेब फुटांवर गेला.

माणसाला लावला की या शब्दाची चव पालटते. 'तो फार खोल आहे' यात कौतुक कमी, सावधगिरी जास्त. पोटातलं ओठावर येऊ न देणारा, असा त्याचा अर्थ. 'खोल पाण्यातला मासा' म्हटलं तर संशय पक्काच! विचारी माणसाला खोल म्हणण्याची टूम हल्ली लेखनात दिसते, पण बोलताना त्याचा व्यासंग दांडगा असतो आणि विवेचन सखोल. हा 'सखोल' मात्र विहिरीला चालत नाही. सखोल खड्डा म्हटलं तर लोक हसतील (आपल्याकडच्या काही रस्त्यांवर शोभेलही म्हणा).

झोप गाढ, रंग गडद, मैत्री घट्ट. 'खोल झोप', 'खोल प्रेम' हे मला तरी भाषांतरातून आल्यासारखं खटकतं. 'खोल श्वास' योगवर्गांनी रुळवला, तो राहू द्या.

आजारपणात डोळे खोल जातात, आवाज खोल जातो. कर्जावर कर्ज काढलं की पाय खोलात. नको त्या चौकशा करणाऱ्याला 'फार खोलात शिरू नकोस' म्हणून आवरतात. जरासं खोल ते खोलगट, मिसळीचा रस्सा सांडू नये म्हणून घेतलेल्या ताटलीसारखं. विहिरीची खोली आणि पंचवटीतली भाड्याची खोली यांत बोलताना कोणाचा घोळ होत नाही.

गॅरेजमध्ये 'इंजिन खोललं' म्हणतात ते वेगळंच, हिंदीतलं क्रियापद आहे. मराठीत इंजिन उघडतात.