दोन वेगळ्या ब्लॉकचेन एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय होतं?

रात्रपाळी: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, तिघं मिळून करतोय. इथेरियमच्या टेस्टनेटवर (सरावाच्या नेटवर्कवर) टोकन लॉक केलं की दुसऱ्या चेनवर तेवढंच टोकन तयार व्हावं, बस एवढंच. मला वाटलेलं की दुसरीकडचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर चालणारा कोड, सरळ इथेरियमच्या नोडला (चेन चालवणाऱ्या संगणकाला) विचारेल, लॉक झालं का बाबा, झालं असेल तर मिंट, म्हणजे नवं टोकन तयार, दोन दिवसांचं काम. पण कॉन्ट्रॅक्टला बाहेर कॉलच करता येत नाही! म्हणून मध्ये एक स्क्रिप्ट बसवली, ती लॉक झाल्याची नोंद (इव्हेंट) दिसली की आमच्या कीने (गुप्त किल्लीने) सही करून मिंट करते. चालतंय मस्त, पण गाइड मॅडम म्हणाल्या सगळा भरवसा जर तुमच्या स्क्रिप्टवरच आहे तर ब्लॉकचेन कशाला हवी, आणि मला काही बोलताच आलं नाही. खरे ब्रिज, म्हणजे दोन चेन जोडणाऱ्या सेवा, हे कसं करतात?

कट्टेकरी: मॅडमनी बरोबर जागी बोट ठेवलंय. कॉन्ट्रॅक्ट बाहेर विचारू शकत नाही कारण तोच कोड प्रत्येक नोड आपापला चालवून बघतो आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत एकच यायला लागतं, एकाला नेटवरून हो आलं आणि दुसऱ्याला नाही, तर एकमत संपलंच. त्यामुळे बातमी बाहेरच्याच कोणीतरी आणायची. जुनी हुंडी आठवा, इकडच्या पेढीत पैसे भरले, तिकडच्या पेढीवर कागद दाखवून उचलले. तिकडचा सावकार पैसे देतो ते सही ओळखून. तुमच्याकडे सही करणारा एकटाच आहे.

पावकिलो: मग नऊ जण ठेवले की सुटलं असं वाटतं ना, तर रोनिनचं वाचाच. ॲक्सी इन्फिनिटी गेमचा ब्रिज, 9 व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून सही करणारे), 5 सह्या झाल्या की पैसे बाहेर. त्यातल्या 4 की एकाच कंपनीकडे, स्काय मेव्हिसकडे, आणि पाचवी ज्या ॲक्सी डाओची (गेमभोवतीच्या सभासदांच्या संघटनेची) होती त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये कंपनीला आपल्या वतीने सही करायची परवानगी दिलेली, काम डिसेंबरमध्ये संपलं पण परवानगी काढायची राहून गेली. मार्च 2022 मध्ये हल्लेखोर कंपनीत घुसले आणि पाचही सह्या मिळाल्या, 1,73,600 इथर (इथेरियमचं चलन) आणि 2.55 कोटी यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) गेले. आणि कळलं कधी, तर सहा दिवसांनी, एकाला आपले 5,000 इथर काढता येईनात तेव्हा! मला अजून वाचताना कसंतरी होतं. किती सह्या यापेक्षा त्या खरंच वेगवेगळ्या हातात आहेत का ते बघा.

कट्टेकरी: म्हणून कॉसमॉस या चेनसमूहाच्या आयबीसीची, म्हणजे चेननी आपसात बोलायच्या नियमांची, पद्धत मला मनापासून आवडते. तिथे एका चेनवरच दुसऱ्या चेनचा लाइट क्लायंट बसलेला असतो, तो समोरच्या चेनचे ब्लॉक हेडर (ब्लॉकचे सारांश) ठेवतो, व्हॅलिडेटरांच्या सह्या स्वतः तपासतो, आणि टोकन लॉक झाल्याचा मर्कल प्रूफ (ती नोंद त्या चेनवर खरंच आहे याचा गणिती पुरावा) त्या हेडरशी जुळला तरच पुढे जातो. मधला रिलेअर नुसता पोस्टमन, खोटं पत्र आणलं तर जुळणारच नाही. मी लॅपटॉपवर दोन चेन चालवून मध्ये हर्मीस रिलेअर लावलेला आणि टोकन पाठवल्या पाठवल्या मुद्दाम बंद केला. टोकन पाठवणाऱ्या चेनच्या एस्क्रोत (लॉक करायच्या खात्यात) अडकलं. टाइमआउट उलटून गेल्यावर हर्मीस परत चालू केला तर त्याने पॅकेट पलीकडे पोचलंच नाही याचा पुरावा आणून दिला आणि टोकन माझ्या खात्यात परत! हे एकदा स्वतः करून बघाच.

रात्रपाळी: वा, हे डोक्यात शिरलं. पण इथेरियमचा लाइट क्लायंट आम्हाला तीन महिन्यांत झेपेल का?

कट्टेकरी: पूर्ण नाही झेपणार. तिथे 512 व्हॅलिडेटरांची सिंक कमिटी असते, साधारण 27 तासांनी बदलते, तिच्या सह्या तपासाव्या लागतात. त्यापेक्षा कॉसमॉस एसडीकेच्या (चेन बनवायच्या तयार साहित्याच्या) दोन चेन घ्या, आयबीसी तयार मिळतं, आणि तुमची स्क्रिप्ट शेजारी ठेवून दोन्हींत फरक दाखवा, मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पावकिलो: आणि एक, इव्हेंट दिसल्यावर स्क्रिप्ट किती थांबते?

रात्रपाळी: थांबत नाही, लगेच मिंट.

पावकिलो: ते आजच बदला. तो ब्लॉक मागे फिरला, म्हणजे चेनने रद्द केला, तर इकडचं लॉक गायब आणि तिकडचं टोकन मात्र बाजारात. इथेरियमवर ब्लॉक फायनल व्हायला तेरा-एक मिनिटं लागतात, तेवढं थांबा, नोडला ब्लॉक विचारताना लेटेस्टच्या जागी फायनलाइज्ड टाकलं की झालं.

रात्रपाळी: टाकलं. आता लॉक केलंय, वाट बघत बसलोय.