वडील पॅरालिसिसनंतर घरी येताहेत: नर्स, मावशी की आपणच? (पुणे)

अनुजा_कोथरूड
बाबांना (वय ७४) पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आहे. पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज. जेवण सध्या नाकातल्या नळीने, लघवीला कॅथेटर (नळी आणि पिशवी). घरात मी आणि आई, आणि आईच्या गुडघ्यांची तऱ्हा न विचारलेली बरी. दादा परदेशातून म्हणतोय की हॉस्पिटलसारखा मॉनिटरच घेऊन टाका, पैसे मी पाठवतो. मला विचारायचंय ते असं: ब्युरोतून (घरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सीतून) नर्स घ्यावी की मावशी, म्हणजे नर्सिंग न शिकलेली पण पेशंटचं सगळं करणारी बाई? सामान काय काय लागेल? आणि पेशंटकडे नक्की बघायचं तरी काय? वॉर्डात सिस्टर येतात, बीपी-टेंपरेचर लिहितात, जातात. त्यावरून त्यांना काय कळतं ते आम्हाला कळत नाही.

पेठेतला_बाप्पा
सामानाचं सांगतो. पलंग विकत अजिबात घेऊ नका. डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारा फाऊलर बेड भाड्याने मिळतो. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं डिपॉझिटवर देतात, सर्जिकलची दुकानंही देतात. एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरत राहणारी गादी) मात्र नवीच घ्या. कमोड खुर्ची लगेच नको. पलंग घरात आणण्याआधी दाराची रुंदी मोजा. आमच्याकडे जिन्यात अर्धी सोसायटी जमली होती सल्ले द्यायला.

सिस्टर_निवृत्त
अनुजा, मॉनिटर नको गं. तो रात्रभर पिकपिक करेल आणि तुम्ही दोघी बाबांऐवजी त्याच्याकडे बघत बसाल. हाताचा बीपी मशीन, थर्मामीटर, बोटाचा ऑक्सिमीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक दोनशे पानी वही. बास.

बीपी डाव्या हातावर घ्यायचं, लुळ्या हातावर नको. बाही वर करून, हात छातीच्या पातळीला टेकवून, आधी पाच मिनिटं शांत पडू देऊन.

श्वास मोजायला आधी शीक. घरात तो कुणीच मोजत नाही. नाडी बघतेयस असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून ही चोरी. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २०. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा आधी हा आकडा वाढतो. नाडी ६० ते १००, ऑक्सिजन साधारण ९५ च्या वर, पण दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांकडून त्यांचा आकडा वेगळा विचारून घे. बोटं गार असली तरी तो मशीन काहीबाही दाखवतो.

पहिले काही दिवस बाबा बरे असतानाच सगळं लिही. त्यांचं 'नेहमीचं' काय हे वहीत असेल तरच 'आज वेगळं' ते ओळखता येईल. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. काल ओळखत होते आणि आज गुंगीत आहेत, असंबद्ध बोलताहेत, लघवी एकदम कमी झाली, यावरही फोन करायचा. डावी बाजू ढिली वाटली किंवा तोंड, बोलणं आणखी बिघडलं तर वाट बघू नको, १०८ ला फोन. नवा झटका असू शकतो, आणि मेंदूतली गुठळी विरघळवायच्या औषधाला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते.

चिंतू_सिंहगडरोड
दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणतात. एअर मॅट्रेस असली तरी? रात्रीसुद्धा?

सिस्टर_निवृत्त
गादी असली तरी. रात्रीचं अंतर वाढवता येईल का हे कातडी बघून डॉक्टर ठरवतील, गादीवाला नाही. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज आंघोळ घालताना उजेडात बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर तिथे बेडसोर (पडून राहून दाबाने होणारी जखम) सुरू झालाय. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट. तिथे तेल चोळायचं नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, कडेने उलट जास्त दाब येतो.

नळीने देताना आणि नंतर तासभर पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर. नळीवर नाकापाशी खूण असते, ती सरकली असेल तर थेंबही द्यायचा नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. हे सगळं डिस्चार्जच्या आधी वॉर्डात स्वतःच्या हाताने करून बघ. सिस्टरला सरळ सांग, "तुम्ही उभ्या राहा, मी करते." कामाच्या घाईत असल्या तरी शिकवतात.

फिजिओ_पिंपरी
भर घालतो. उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो. सदरा घालताना उजवा हात आधी, काढताना उजवा शेवटी. बसवलं की हाताखाली उशी.

रेवती_औंध
ब्युरोबद्दल: ते सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणून पाठवतात. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. टाळाटाळ झाली की समजायचं, आलेली बाई मावशी आहे आणि दर नर्सचा लावलाय. तुम्हाला कूस, स्पंजिंग, कपडे यासाठी चांगली मावशी पुरेल. नळी-कॅथेटर बदलायला नर्स तेवढ्यापुरती बोलवा.

अनुजा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. उद्याच वॉर्डात विचारते. दादाला मॉनिटर नको असं सांगितलंय, रुसलाय. एक राहिलं: गादीचा पंप आवाज करतो का? आईची झोप फार सावध आहे.

पेठेतला_बाप्पा
करतो, बारीक घूंऽऽ असा. पलंगाच्या पायाकडे हूकला अडकवा, फरशीवर ठेवला की जास्त घुमतो. आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, लाइट गेली की गादी हळूहळू बसते.