मदत हवी आहे: गिअरबॉक्स तापल्यावर तिसरा गिअर घसरतो; दोष क्लचमध्ये की व्हॉल्व्ह बॉडीमध्ये (ऑईलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागामध्ये)?

माझ्या पेट्रोल गाडीला सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असून गाडी सुमारे १,१०,००० किलोमीटर चालली आहे. सकाळी गाडी थंड असताना गिअर इतके अलगद बदलतात की बिघाड आहे हे सांगूनही कोणाला पटणार नाही. गिअरबॉक्स पुरता तापला की मात्र दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना २,०००च्या आसपास असलेला आरपीएमचा काटा एकदम ३,०००कडे चढतो, क्षणभर गाडी ओढतच नाही आणि मग जोराचा झटका बसून तिसरा गिअर लागतो. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना हेच सौम्यपणे होते. शिवाय गरम गाडी उभी करून लिव्हर रिव्हर्सला टाकला, तर गिअर लागायला दोन-तीन सेकंद जातात. ‘डी’मध्ये टाकताना असा उशीर होत नाही.

आतापर्यंत काय तपासले ते सांगतो, म्हणजे त्याच सूचना पुन्हा द्याव्या लागणार नाहीत. स्कॅनरवर पी०७०० आणि पी०७३३ हे दोनच कोड आले. पहिला केवळ गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काही नोंद केली आहे एवढेच सांगतो. दुसरा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचा आहे. हे गुणोत्तर कंट्रोलर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगावरून काढतो, त्यामुळे एरवी वेग मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घेता आला असता. पण येथे इंजिनाचा आरपीएम डोळ्यांदेखत चढतो, म्हणजे घसरणे खरेच होत आहे. सोलेनॉईडच्या (ऑईलचा दाब नियंत्रित करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटचा एकही कोड नाही. बॅटरी, अर्थिंग आणि इंजिन माउंट ठीक आहेत.

गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. त्यामुळे गाडी सपाट जागी उचलून, इंजिन चालू ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला ओव्हरफ्लो प्लग उघडला. आधी बारीक धार आली आणि मग थेंब पडू लागले, म्हणजे पातळी बरोबर आहे. ऑईलचा रंग मात्र गडद तपकिरी झाला आहे आणि त्याला किंचित करपट वास आहे. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी लगदा होता. तो चिमटीत चोळून पाहिला, तर मलमासारखा मऊ लागला. धातूचा कण किंवा कपची बोटाला लागली नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा (जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो) संशय मी बाजूला ठेवला आहे. एका वेगात जाताना गाडी थरथरत नाही, आणि ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेकला हलकासा स्पर्श केला, ज्याने लॉक-अप सुटतो, तरी तक्रारीत काही फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या अनेक सहा-गिअर ऑटोमॅटिकमध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिन्हींसाठी एकच क्लच पॅक (ऑईलच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचा संच) वापरलेला असतो, आणि माझी तक्रार नेमकी याच तीन ठिकाणी आहे. पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा गिअर गरम असतानाही व्यवस्थित लागतात, त्यामुळे ऑईल पंप, फिल्टर किंवा मुख्य दाब यांत दोष असेल असे मला वाटत नाही. तापल्यावर ऑईल पातळ होते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हच्या कडेने अधिक गळते, हेही लक्षणांशी जुळते. प्रश्न एवढाच उरतो की दाब क्लचपर्यंत पोहोचण्यापूर्वीच व्हॉल्व्ह बॉडीत किंवा सोलेनॉईडमध्ये कमी पडतो, की पोहोचल्यावर क्लचच्या पिस्टनच्या सीलमधून निसटतो, की चकत्याच झिजल्या आहेत?

एका गॅरेजने काहीही न उघडता संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितले आहे. दुसऱ्याने व्हॉल्व्ह बॉडी बदलून अ‍ॅडॅप्टेशन (कंट्रोलरने वापरातून शिकून घेतलेले दाबाचे आकडे) रीसेट करावे असे सुचवले आहे. दोन्ही सल्ले निदानाआधीच इलाज सांगणारे आहेत, आणि इतक्या मोठ्या कामात अंदाजाने सुटे भाग बदलणे मला पटत नाही. अ‍ॅडॅप्टेशन तर मी मुद्दाम पुसू दिलेले नाही, कारण प्रत्येक क्लचसाठी कंट्रोलरने दाब किती वाढवून घेतला आहे हा स्वतःच एक पुरावा आहे. चांगल्या स्कॅनरवर ते आकडे वाचले असता याच एका क्लचचा आकडा मर्यादेला टेकलेला दिसला. बाकीचे मधेच आहेत. परंतु गळती आणि झीज या दोन्हींमुळे आकडा तसाच जाईल, म्हणून एवढ्यावरून निवाडा होत नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे व्हॉल्व्ह बॉडी काढून त्या क्लचच्या ऑईलमार्गात मोजक्या दाबाची हवा सोडली, तर क्लच बसल्याचा ‘थप्’ असा आवाज यायला हवा आणि हवा धरून राहायला हवी. नुसतीच फुसफुस ऐकू आली तर गळती आतल्या सीलमध्ये आहे. ही चाचणी गिअरबॉक्स गाडीवरच ठेवून विश्वासार्ह रीतीने करता येते का? हवा धरून राहिली, तरीही चकत्या झिजलेल्या असू शकतात, हे ओळखण्याची काही खूण आहे का? आणि चाचणीपूर्वी ऑईल बदलावे का? एकदा काढून भरल्याने कन्व्हर्टर आणि कूलरमधले बरेचसे जुने ऑईल तसेच राहते याची कल्पना आहे. यंत्राने दाब देऊन फ्लश करण्याला मात्र, ऑईल करपलेले असताना, माझी तयारी नाही.

ज्यांनी असा गिअरबॉक्स स्वतः उघडला आहे किंवा समोर उघडताना पाहिला आहे, त्यांनी आत नेमके काय सापडले ते कृपया लिहावे. सीव्हीटी आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची रचना वेगळी असल्यामुळे तेथील अनुभव येथे लागू पडणार नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत मी गाडी फक्त जवळच्या अंतरावर, ॲक्सिलरेटर हलका ठेवून वापरत आहे; तेवढेही चालवणे क्लचसाठी घातक असेल तर तसे स्पष्ट सांगावे, गाडी आजच उभी करीन.