मदत हवी आहे : देवनागरी मजकुराच्या रूपांतरासाठी भाषेतील फंक्शन वापरावे की विंडोजचे?

नमस्कार. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका लहान कार्यालयात काम करतो आणि वाशीच्या घाऊक बाजारातील काही गाळेधारकांसाठी पावत्या छापणारा सी++ मधील प्रोग्राम सांभाळतो. मालाची व शेतकऱ्यांची नावे फाइलमध्ये यूटीएफ-८ स्वरूपात असतात आणि विंडोजवर छापण्यापूर्वी ती यूटीएफ-१६ मध्ये न्यावी लागतात (दोन्ही युनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धती आहेत).

हे काम मी आजवर सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतील एमबीएसटीओडब्ल्यूसीएस या फंक्शनकडून करून घेत होतो. माझ्या संगणकावर ते बिनचूक चालले, पण एका गाळ्यावर ‘कांदा’ या शब्दाच्या जागी १५ निरर्थक चिन्हे छापली गेली. हे फंक्शन चालू लोकेलवर (भाषा व अक्षरसंचाच्या सेटिंगवर) विसंबून असते आणि प्रोग्राम ते लोकेल संगणकाच्या सेटिंगमधून घेत होता. माझ्याकडे विंडोजचा यूटीएफ-८ साठीचा प्रायोगिक पर्याय चालू होता, तर गाळ्यावर १२५२ हे कोडपेज, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा एका बाइटला एक अक्षर मानणारा तक्ता, होते. ‘कांदा’मध्ये पाच युनिकोड वर्ण आहेत, प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि तिथे प्रत्येक बाइट वेगळे अक्षर म्हणून वाचला गेला.

आता मी विंडोजचे मल्टीबाइट-टू-वाइडचार हे फंक्शन वापरून पाहिले. त्याला यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगता येते, त्यामुळे कोणाच्या सेटिंगचा प्रश्न उरत नाही. सदोष बाइट आढळल्यास चूक कळवण्याचा फ्लॅगही (पर्यायही) मी लावला आहे, कारण तो नसेल तर फंक्शन त्या जागी बदली चिन्ह टाकून पुढे जाते. शेतकऱ्याच्या पावतीवर चुकीचे नाव जाण्यापेक्षा पावती अडलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

अडचण अशी, की हाच कोड आमच्या लिनक्स सर्व्हरवर हिशेबासाठी चालतो. तिथे हे फंक्शन नाही आणि वाइड कॅरेक्टरही (एका बाइटहून मोठी अक्षरे साठवण्याचा सी/सी++ मधील प्रकार) विंडोजप्रमाणे दोनऐवजी चार बाइटचे असते. सी++ मधील तयार रूपांतरक सी++१७ (भाषेची २०१७ ची प्रमाणित आवृत्ती) पासून कालबाह्य ठरवला गेल्यामुळे तो नव्याने वापरावासा वाटत नाही.

विंडोजवर तेथील फंक्शन व लिनक्सवर आयकॉन्व्ह (अक्षरसंच रूपांतराची तेथील सोय), आणि दोन्हींवर एकच आवरण, म्हणजे आतून योग्य ते बोलावणारे सामायिक फंक्शन, अशी रचना मी योजली आहे. ज्यांनी असा कोड काही वर्षे सांभाळला आहे, त्यांनी कृपया सांगावे : सदोष बाइटच्या बाबतीत दोन्हीकडे सारखेच वर्तन राखता येते का, की फक्त यूटीएफ-८ साठी स्वतःचे छोटे फंक्शन लिहिणे अधिक सुरक्षित ठरेल?